लिहिलेले ५ टक्के, मिळालेला १ टक्का: कॅशबॅक कार्ड वापरताना या चुका टाळा

एका रविवारी मी गेल्या वर्षाची बारा स्टेटमेंटं समोर मांडून बसले. क्रेडिट कार्ड घेताना जाहिरातीत ठळक अक्षरांत '५ टक्के कॅशबॅक' होतं आणि वर्षभर मी त्याच खुशीत ते वापरलं होतं. एकूण खर्च निघाला ३,२०,०००. जमा झालेला कॅशबॅक ६,४००, म्हणजे २ टक्के. त्यातून वार्षिक फी १,००० गेली. एका महिन्याचं व्याज साधारण २,००० गेलं. हातात उरले ३,४००. टक्केवारी एकाच्या किंचित वर.

कुणी फसवलं नव्हतं. सगळं अटींमध्ये लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी कार्डावरचा छापील दर बघतच नाही. वर्षभरात खात्यात खरोखर आलेली रक्कम घ्यायची, त्यातून फी, व्याज आणि दंड वजा करायचे आणि एकूण खर्चाने भागायचं. येईल तो तुमच्या कार्डाचा दर. तो छापील दरापेक्षा बराच कमी असेल, तर गळती बहुधा पुढच्यापैकी एखाद्या ठिकाणी असते.

ऑटो-पे लावलंय, पण कशाचं?

माझं २,००० चं व्याज इथूनच आलं. बिल आपोआप भरलं जावं म्हणून ऑटो-पे लावलं आणि निश्चिंत झाले. त्या फॉर्मवर दोन पर्याय होते, 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम'. दुसऱ्यावर आधीच खूण होती आणि मी ती तशीच ठेवून पुढे गेले. बिल आलं ३८,००० चं, खात्यातून गेले १,९००. किमान रक्कम वेळेत भरलेली असल्याने उशिराचा दंड नाही, आठवणीचा मेसेज नाही, काहीच नाही. पुढचं स्टेटमेंट आलं तेव्हा कळलं.

बिल पूर्ण भरलं नाही की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतच रद्द होते. व्याज देय तारखेपासून नाही, प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून लागतं. नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून लागतं. महिन्याला ३ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने वर्षाचे ४२.६ टक्के होतात. ४०,००० च्या खर्चावर दीड टक्क्याने ६०० मिळतात आणि त्याच रकमेवर एका महिन्याचं व्याज १,२०० होतं. एका महिन्याच्या चुकीत दोन महिन्यांची कमाई गेली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

पुढच्या महिन्यात आणखी एक प्रश्न पडतो: 'मी तर सगळं भरलं, मग पुन्हा व्याज का?' स्टेटमेंट निघालं तो दिवस आणि तुम्ही पैसे भरले तो दिवस, या मधल्या दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटमध्ये नसतं, ते पुढच्यात येतं. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. तेही पूर्ण भरा आणि त्यापुढच्या स्टेटमेंटवर व्याजाच्या रकान्यात शून्य दिसेपर्यंत कार्ड बाजूला ठेवा.

दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नसेल, तर कॅशबॅकचा विचार सध्या सोडूनच द्या. उरलेला लेख तुमच्या कामाचा नाही.

दुकान किराण्याचं, पण कार्डाला तसं वाटत नाही

'किराण्यावर ५ टक्के' असं लिहिलेलं असतं. महिनाभर किराणा भरला आणि जमा झाले अर्धा टक्का. इथे बहुतेक जण बँकेला फोन लावून भांडतात. माझ्या मते आधी दुकानाचा कोड शोधावा.

कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला चार अंकी वर्ग-कोड दिलेला असतो. किराणा आणि सुपरमार्केटचा ५४११, उपाहारगृहांचा ५८१२, डिपार्टमेंटल स्टोअरचा ५३११. तुम्ही पिशवीत काय भरलं हे बँकेच्या यंत्रणेला दिसत नाही, हा कोड दिसतो. म्हणजे मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरच्या तळघरातून डाळ-तांदूळ घेतले, तर कार्डाच्या लेखी ती किराणा खरेदी नव्हेच. वॉलेटमध्ये पैसे भरून मग दुकानात दिले, तर कार्डाला फक्त वॉलेट भरणं दिसतं. त्याचा कोड वेगळा आणि बहुतेक कार्डांच्या वगळलेल्या यादीत तो असतोच. याच यादीत भाडं, इंधन, विमा, सरकारी भरणा आणि हप्त्यांवर घेतलेली खरेदी यांपैकी काय काय आहे, हे एकदा नीट वाचून ठेवा. कार्डाच्या माहितीपत्रकातलं मला विचाराल तर सर्वांत महत्त्वाचं पान हेच, आणि तेच सर्वांत बारीक अक्षरांत असतं.

उपाय सोपा आहे. नव्या दुकानात मोठी खरेदी करण्याआधी एक छोटी करा. दोन-तीन दिवसांत व्यवहार पक्का झाला की ॲपमध्ये तो कोणत्या वर्गात पडला ते बघा. ॲपमध्ये दिसत नसेल तर कस्टमर केअरला 'मला कॅशबॅक का नाही?' असं विचारू नका, त्यावर 'अटींप्रमाणे' एवढंच उत्तर मिळतं. 'या व्यवहाराचा मर्चंट कॅटेगरी कोड काय लागला आहे?' असं विचारा. एवढ्या नेमक्या प्रश्नाला टोलवाटोलवी करणं अवघड जातं.

कमाल मर्यादा, किमान रक्कम आणि तारखांचा घोळ

५ टक्क्यांवर महिन्याला ५०० ची मर्यादा असेल, तर ती १०,००० च्या खर्चावरच संपते. तुम्ही २५,००० खर्च केलेत, तर प्रत्यक्ष दर २ टक्के झाला. मर्यादा भरली की उरलेला महिना दुसरं कार्ड काढायचं.

खालच्या टोकाची गळती कुणी मोजत नाही. कॅशबॅकऐवजी पॉइंट देणाऱ्या कार्डावर 'दर १५० ला १ पॉइंट' असेल, तर २९९ लाही एकच पॉइंट मिळतो आणि १४० ला शून्य. प्रत्येक व्यवहार वेगळा मोजणारं कार्ड असेल आणि महिन्यात १४० चे वीस व्यवहार झाले, तर २,८०० खर्चून पदरात काहीच नाही. अशा बारीकसारीक खरेदीला सरळ टक्केवारीने कॅशबॅक देणारं कार्ड बरं.

आणि मर्यादेचा महिना कोणता? काही कार्डं कॅलेंडरचा महिना धरतात, काही स्टेटमेंटचा. शिवाय मोजणी बऱ्याचदा खरेदीच्या दिवसाने होत नाही, व्यवहार पक्का झाला त्या दिवसाने होते. ३० तारखेला घेतलेली वस्तू २ तारखेला नोंदली गेली, तर ती पुढच्या महिन्यात गेली. म्हणून मर्यादेचा किंवा टप्प्याचा (ठरावीक खर्च झाला की मिळणाऱ्या बक्षिसाचा) हिशेब शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका.

पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत

'१०० ला ४ पॉइंट' वाचलं की मन लगेच ४ टक्के म्हणतं. एका पॉइंटची किंमत पाव रुपया असेल, तर तो १ टक्का आहे. त्यातही एकच पॉइंट वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या भावाने जातो. विमान तिकिटाला चांगला भाव, व्हाउचरला मध्यम, आणि कॅटलॉगमधल्या मिक्सर किंवा बॅगेला बहुधा सर्वांत वाईट. घ्यायच्या वस्तूचा बाजारभाव भागिले लागणारे पॉइंट, एवढा भागाकार मोबाइलवर करून बघा, मग ठरवा. काही कार्डं पॉइंट वटवायलाही शुल्क घेतात. तसं असेल तर थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदम काढा.

पण फार साठवूनही ठेवू नका. पॉइंटवर व्याज मिळत नाही, मुदत संपली की ते जातात आणि त्यांची किंमत कमी करण्याचा अधिकार अटींमध्ये बँकेने स्वतःकडे ठेवलेला असतो. विमानप्रवास ठरलेला असेल तर ठीक. नसेल तर मला रोख कॅशबॅकच बरा वाटतो. त्याची मोजदाद करावी लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

टप्पा गाठण्यासाठी केलेला खर्च

'आणखी ७,००० खर्च करा आणि १,००० चं व्हाउचर मिळवा.' हा मेसेज वर्ष संपताना येतो आणि आपल्याला अचानक नव्या हेडफोनची गरज भासू लागते. कोलंबिया विद्यापीठातल्या रान किवेत्झ आणि सहकाऱ्यांनी एका कॅफेच्या शिक्का-कार्डांवर (दर कॉफीला एक शिक्का, कार्ड भरलं की एक कॉफी फुकट) केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध केला होता. काहींना १० चौकोनांचं रिकामं कार्ड दिलं, काहींना १२ चौकोनांचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. भरायचे चौकोन दोघांनाही दहाच. तरी दुसऱ्या गटाने कार्ड लवकर भरलं, कारण त्यांना आपण वाटेवर आहोत असं वाटत होतं. ॲपमधली ती भरत जाणारी हिरवी पट्टी हेच काम करते. पुढच्या दोन महिन्यांत नक्की होणारा खर्च, म्हणजे वर्षाची एखादी वर्गणी किंवा ठरलेली दुरुस्ती, आधी करून टप्पा गाठता येत असेल तर जरूर गाठा. त्यासाठी नवी वस्तू शोधावी लागत असेल, तर ७,००० देऊन १,००० मिळवणं हा तोट्याचाच सौदा.

वार्षिक फीचंही असंच. फी १,००० असेल आणि बिनफीच्या कार्डापेक्षा हे कार्ड अर्धा टक्का जास्त देत असेल, तर २,००,००० खर्च होईपर्यंत तुम्ही फक्त फी भरून काढताय. विमानतळावरच्या लाउंजसारख्या सवलती या हिशेबात धरायच्या असतील, तर गेल्या वर्षी खरोखर वापरल्या तेवढ्याच धरा.

छोट्या गळत्या

कार्डाने पैसे देण्यासाठी कुणी २ टक्के जादा मागत असेल आणि कॅशबॅक १ टक्का असेल, तर दुसऱ्या मार्गाने पैसे द्या. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. त्यावर शुल्क लागतं, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि पॉइंट मिळत नाहीत. परदेशात यंत्रावर 'तुमच्या चलनात पैसे द्यायचे का?' असं आलं, तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. आपल्या चलनाची सोय करून देणारा विनिमय दरात आपला नफा घालतो.

वस्तू परत केली की तिच्यावरचा कॅशबॅकही परत जातो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे की रिफंड देय तारखेआधी जमा झाला नाही, तर तो त्या बिलात धरला जात नाही. 'रिफंड येणारच आहे' म्हणून तेवढे पैसे कमी भरले की आपण पुन्हा व्याजाच्या दारात. बिल पूर्ण भरा, रिफंड पुढच्या बिलातून वळता होईल.

ते कार्ड बंद करताना

हिशेब झाल्यावर मी त्या कार्डाला रामराम करायचं ठरवलं. लगेच अर्ज केला असता तर आणखी एक चूक झाली असती. शेवटच्या महिन्याचा कॅशबॅक पुढच्या स्टेटमेंटला जमा होतो, आणि खातं बंद झालं की जमा व्हायला जागाच उरत नाही. पॉइंटांचंही तेच, बहुतेक ठिकाणी खात्याबरोबर ते बुडतात. म्हणून आधी कार्डावर चालू असलेली दोन वर्गणी-बिलं दुसरीकडे वळवली, नवी खरेदी थांबवली आणि स्टेटमेंटची वाट पाहिली. कॅशबॅकचे ३१० जमा झाले, थकबाकी शून्य झाली, तेव्हा लेखी अर्ज केला आणि कार्ड बंद झाल्याची पोच मागून घेतली. आता दीड टक्क्याचं, बिनफीचं साधं कार्ड वापरते. त्याच्या ऑटो-पेच्या फॉर्मवरची खूण तेवढी दोनदा तपासली.