लँड रोव्हरचे मंद दिवे: दोष अर्थिंगचा

माझी १९७४ ची सीरिज ३, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लँड रोव्हर. लीड्सच्या पावसात संध्याकाळी हेडलाइट इतके मंद, की समोरचा खड्डा चाकाखाली आल्यावरच कळायचा. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही उघडझाप करायचा. आधीच्या गॅरेजवाल्याने अल्टरनेटर बदलून पैसे घेतले, फरक शून्य.

शेवटी मल्टिमीटर घेतला. दिवे चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या अर्थ वायरपर्यंत (म्हणजे करंट बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेवर) मोजलं: १.८ व्होल्ट वाटेतच वाया! तिथे जवळजवळ शून्य हवा. या गाडीची बॉडी अॅल्युमिनियमची, चासी (खालचा सांगाडा) आणि बोल्ट पोलादी. दोन धातू, त्यात ओल, म्हणजे जोडावर गंज ठरलेलाच. अर्थचा बोल्ट सोडला तर वॉशरखालून पांढरी भुकटी सांडली, पिठीसाखरेसारखी.

पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, नवा बोल्ट, दातेरी वॉशर, वर व्हॅसलीन. बॅटरीपासून चासी आणि इंजिनला जाड अर्थ पट्ट्या नव्या टाकल्या.

मग सुधारणा. मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो; ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. म्हणून दोन रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले, एक डिपरला, एक अपरला, दोन्हींना बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज. काम करण्याआधी बॅटरीची वायर काढाच.

आता दिवे पांढरेशुभ्र पडतात, आणि स्विच हाताला गरम लागत नाही.