तंबोऱ्याच्या कारखान्यात पुठ्ठ्याचा सॉफ्टबॉक्स

मिरजेत तंबोरा घडवणाऱ्या कारागिराचा फोटो काढताना मागे टांगलेले भोपळेही दिसलेच पाहिजेत. त्यांच्याशिवाय तो नुसता चेहरा. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून खोली जराशी काळपट येईल असं कॅमेऱ्याचं एक्सपोजर (आत घ्यायचा उजेड) ठरवा: आयएसओ 800, एफ 4, शटर 1/60 पासून सुरुवात.

मग सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डबा: पुठ्ठ्याच्या दीड फुटी खोक्याला आतून पांढरा कागद, तोंडाला बटर पेपर, मागच्या भोकात फ्लॅश, पॉवर 1/16 (पूर्ण ताकदीचा सोळावा भाग). चेहऱ्यापासून तीन फुटांवर, थोडा वरून, तिरका धरा. लांब नेला की सावल्या कडक होतात.

खरी अडचण पॉलिशची. भोपळ्यावर खोक्याचा पांढरा चौकोन उमटतो. पॉवर कमी करून तो जात नाही, खोका बाजूला सरकवावा लागतो.

पिवळा बल्ब असेल तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांची जुळवणी) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या सेटिंगवर ठेवा. जिलेटिन विसरलात तर चेहरा निळा पडतो.