गट रिकामा दिसतो तेव्हा: एलडॅप स्कीमाच्या दुरुस्तीपूर्वीची तयारी

युजर आणि गट यांच्या नोंदी एलडॅप या मध्यवर्ती निर्देशिकेच्या सर्व्हरवर असतात, आणि त्या नोंदींत काय व कसे लिहायचे याच्या नियमांना स्कीमा म्हणतात. कधी युजरचे लॉगिन होते, पासवर्डही चालतो, पण ‘आयडी’ कमांड त्याचा केवळ प्राथमिक गट दाखवते. आणि ‘लेखा’ नावाच्या गटासाठी ‘गेटएंट ग्रुप लेखा’ असे विचारले तर ‘लेखा:*:५००१:’ एवढेच उत्तर येते, शेवटच्या अपूर्णविरामापुढे एकही नाव नसते. असे दिसले की सर्व्हरवर हात चालवण्याआधी पुढील तयारी करावी.

प्रथम क्लायंट, म्हणजे युजर जेथे लॉगिन करतो तो संगणक, ज्या खात्याने सर्व्हरशी जोडला जातो, त्याच खात्याने ‘एलडॅपसर्च’ ही कमांड चालवून त्या गटाची संपूर्ण नोंद वाचावी. ॲडमिनच्या खात्याने वाचलेली नोंद येथे पुरावा ठरत नाही, कारण सदस्यांचे ॲट्रिब्यूट (नोंदीतील रकाना) वाचण्याची परवानगी क्लायंटच्या खात्याला नसेल तरी लक्षण हुबेहूब असेच दिसते. नोंदीत ‘मेंबरयूआयडी’ असून त्यात नुसती लॉगिन नावे असतील, तर सर्व्हर १९९८ च्या आरएफसी २३०७ या दस्तऐवजातील स्कीमाप्रमाणे चालतो. ‘मेंबर’ असून त्यात प्रत्येक व्यक्तीचा पूर्ण डीएन (निर्देशिकेतील त्याच्या नोंदीचा संपूर्ण पत्ता) असेल, तर ती २३०७बिस, म्हणजे त्याच स्कीमाची सुधारित पद्धत होय. त्यानंतर क्लायंटवर एलडॅपमधून युजर आणि गट आणून देणाऱ्या एसएसएसडी या सेवेच्या कॉन्फिगरेशनमधील ‘एलडॅप_स्कीमा’ ही ओळ पाहावी. ती लिहिलेलीच नसेल तर एसएसएसडी आरएफसी २३०७ गृहीत धरते, आणि बहुतेक वेळा दोष याच न लिहिलेल्या ओळीत असतो. अशा वेळी क्लायंटवरची ती एक ओळ दुरुस्त करावी. सर्व्हरचा स्कीमा बदलण्याचा मोह निक्षून टाळावा.

स्कीमा बदलणे खरोखरच अटळ असेल, उदाहरणार्थ काही क्लायंटना फक्त डीएन असलेले सदस्यच समजत असतील, तर तयारी कितीतरी मोठी होते. जुन्या स्कीमात ‘पॉझिक्सग्रुप’ हा स्ट्रक्चरल (नोंदीचा मूळ प्रकार ठरवणारा) ऑब्जेक्ट क्लास आहे आणि बिसमध्ये तोच ऑक्झिलरी (मूळ प्रकाराला जोडला जाणारा) आहे. दोहोंचा ओआयडी (ओळख क्रमांक) एकच असल्याने दोन्ही स्कीमांच्या फाइली एका सर्व्हरवर एकत्र लोड होत नाहीत, आणि स्ट्रक्चरल क्लास चालू नोंदीत बदलू पाहिल्यास सर्व्हर ६९ क्रमांकाची त्रुटी देऊन नकार देतो. म्हणून ओपनएलडॅपवर ‘स्लॅपकॅट’ने कॉन्फिगरेशन आणि डेटा यांच्या दोन वेगळ्या प्रती काढाव्यात, आणि त्या चाचणीच्या सर्व्हरवर ‘स्लॅपॲड’ने प्रत्यक्ष उभ्या करून पाहाव्यात, ज्या प्रतीतून सर्व्हर उभा केलेला नाही, त्या प्रतीला मी बॅकअप मानत नाही.

डेटा बदलताना प्रत्येक लॉगिन नावाला खरा डीएन मिळतो का, हे तपासावे. नोकरी सोडून गेलेल्यांची नावे ‘मेंबरयूआयडी’मध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण तेथे ती निव्वळ अक्षरे असतात. ही नावे गाळण्यापूर्वी त्यांची यादी गटाच्या मालकाकडून मंजूर करून घ्यावी. एकही सदस्य नसलेले गटही वेगळे काढावेत, कारण डीएन असलेले सदस्य ठेवणाऱ्या ‘ग्रुपऑफनेम्स’ या क्लासला किमान एक सदस्य लागतोच, तो नसल्यास ६५ क्रमांकाची त्रुटी येते. ‘मेंबर’वर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बांधण्याचेही आधीच ठरवावे, अन्यथा प्रत्येक लॉगिनच्या वेळी गट शोधण्यात सर्व्हर दमतो. रेप्लिका (सर्व्हरच्या जुळ्या प्रती) असतील तर नवा स्कीमा त्या प्रत्येकीवर आहे याची खात्री करून घ्यावी.

पडताळणीसाठी एकच क्लायंट निवडावा. तेथे ‘एलडॅप_स्कीमा’ची ओळ दुरुस्त करून एसएसएसडी थांबवावी, तिचा कॅशे (साठवून ठेवलेली जुनी उत्तरे) साफ करावा आणि मगच ती पुन्हा सुरू करावी. जुन्या कॅशेमुळे बरोबर केलेला बदलही चुकल्यासारखा वाटतो, आणि मी स्वतः अशाच एका बरोबर बदलावर शंका घेत अर्धा दिवस घालवला आहे. नंतर तीन-चार गटांत असलेल्या एका युजरसाठी ‘आयडी’ चालवून उत्तर बदलापूर्वी जपून ठेवलेल्या त्याच्या गटांच्या यादीशी ताडावे. नाव न देता नुसते ‘गेटएंट ग्रुप’ चालवून निष्कर्ष काढू नये, कारण एसएसएसडी सगळे गट आपणहून मोजून दाखवत नाही. या युजरचे सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणे) आणि सामायिक फोल्डर चालले की उरलेल्या क्लायंटना ‘एलडॅप_स्कीमा’ची तीच ओळ द्यावी.