ॲडब्लॉकर पकडला जातोय? या चुका टाळा

परवा आईच्या लॅपटॉपवर बातम्यांची एक साइट उघडेचना. ‘आधी ॲडब्लॉकर बंद करा’ एवढीच पाटी. बघतो तर जाहिराती अडवणारे तीन ॲडब्लॉकर बसवलेले! नेहमीची चूक हीच. साइटला फसवण्यासाठी एकाने केलेली सोय दुसरा मोडून टाकतो. एकच ठेवा.

पकडतात कसं? पान एक रिकामा चौकोन ठेवतं, त्याला मुद्दाम जाहिरातीसारखं नाव देतं आणि क्षणभराने त्याची उंची मोजतं. शून्य आली, की तो लपवला गेलाय, म्हणजे ॲडब्लॉकर आहे हे कळलं. म्हणून नावात ‘ॲड’ दिसलं की सगळंच लपवणारे नियम स्वतः लिहू नका, आमिष म्हणून ठेवलेला तो चौकोन आधी त्यातच अडकतो. काय अडवायचं हे ॲडब्लॉकरला सांगणाऱ्या फिल्टरच्या याद्याही जुन्या ठेवू नका. साइट तपासणीची स्क्रिप्ट (पानातला छोटा प्रोग्राम) बदलते, मग यादी सांभाळणारे स्वयंसेवक तोड काढतात. हे सतत चालू असतं.

मग मुळीच न सापडणारा ॲडब्लॉकर शक्य आहे का? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अरविंद नारायणन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे तपासलं. ब्राउझरचा अधिकार पानातल्या स्क्रिप्टपेक्षा मोठा असतो. त्यामुळे ‘उंची किती?’ या प्रश्नाला तो खोटं उत्तर देऊ शकतो. पण पूर्ण लपायचं तर जाहिरात खरोखर उतरवून घ्यावी लागते आणि फक्त डोळ्यांआड करावी लागते. म्हणजे डेटा जातोच, पाळतही राहते. मला हा सौदा पटत नाही. शिवाय जाहिरात चित्रावरून ओळखणाऱ्या ब्लॉकरलाही काही पिक्सेल बदलून चकवता येतं, हे २०१९ पर्यंत संशोधकांनी दाखवलं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. त्या तिघांतला एक ‘कधीच सापडणार नाही’ अशी हमी देणारा होता, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. अशा एक्स्टेन्शनला, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला, प्रत्येक साइटवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी आपणच देतो. आई त्याच ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करते. २०१८ मध्ये ॲडब्लॉकर बनवणाऱ्या ॲडगार्ड कंपनीने क्रोमच्या स्टोअरमधले असे पाच बनावट ब्लॉकर उघडकीस आणले होते, मिळून २ कोटींहून जास्त लोकांनी ते बसवले होते.

तो आधी काढला, बँकेचा पासवर्ड बदलला. मग यूब्लॉक ओरिजिन एकटं ठेवून याद्या अपडेट केल्या. पाटी गेली. आई रोज वाचते त्या दुसऱ्या एका छोट्या साइटवर मात्र जाहिराती मी मुद्दाम चालू ठेवल्यात.