घरच्या संगणकात साठलेल्या नकोशा अटॅचमेंट कशा निवडाव्यात

नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरसमोर बसून हातावेगळ्या कराव्यात अशा कामांपैकी ईमेलमधून संगणकावर आलेल्या अटॅचमेंट निवडून काढण्याचे काम मी दरवर्षी याच दिवसांत करतो.

प्रथम, आपली फाइल नेमकी कुठे कुठे आहे हे समजून घ्यावे. ब्राउझरमधून जीमेल उघडून फाइल उतरवली की तिची प्रत 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये येते आणि मूळ फाइल ईमेलमध्येच राहते. म्हणून एक काढली तरी दुसरी शाबूत असते. थंडरबर्ड किंवा आउटलुक असे संगणकावर ईमेल पाहण्याचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी मात्र खाते कसे जोडले आहे ते पाहावे. आयमॅप पद्धतीत संगणकावरून काढून टाकलेला ईमेल सर्व्हरवरूनही, म्हणजे ईमेल सेवेच्या संगणकावरूनही, जातो, तर पॉप पद्धतीत सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसेल, तर संगणकावरची प्रत ही एकमेव असते. हे ठाऊक नसताना काहीही पुसू नये.

त्यानंतर 'डाउनलोड्स' फोल्डर तपशीलवार यादीच्या स्वरूपात उघडून फाइली आकारानुसार लावाव्यात, म्हणजे जड फाइली वर येतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे मामेबहिणीची लग्नपत्रिका पाच वेळा सापडली. पहिलीला नुसते नाव होते आणि पुढच्या फाइलींच्या नावापुढे (1) ते (4) असे आकडे होते, कारण त्याच नावाची फाइल पुन्हा उतरवली की ब्राउझर आकडा जोडून नवी प्रत ठेवतो. आकडे असलेल्या सगळ्या प्रती काढून टाकणार, तोच शेवटचीचा आकार किंचित वेगळा दिसला. उघडून पाहिली तेव्हा मुहूर्ताची वेळ बदललेली सुधारित पत्रिका तीच निघाली. तेव्हापासून मी नावावर विसंबत नाही. आकार आणि तारीख ताडून पाहतो.

मात्र कोणी पाठवली हेच आठवत नसेल अशी फाइल काय आहे ते पाहण्यासाठी मुळीच उघडू नये. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारे एक्स्टेन्शन, लपवते, त्यामुळे 'वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'वीजबिल.पीडीएफ' अशीच दिसते, आणि प्रत्यक्षात ते बिल नसून चालू होणारा प्रोग्रॅम असतो. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' आणि त्यातील 'शो' या यादीत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय सुरू करावा. अशी फाइल आढळल्यास ती काढून विंडोजमध्येच असलेल्या 'विंडोज सिक्युरिटी' या सुरक्षा प्रोग्रॅमने पूर्ण तपासणी करावी.

फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), आयकर विवरणपत्राची पोच, मालमत्ता कराच्या पावत्या यांना हात न लावता त्या आर्थिक वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. आधार किंवा पॅन कार्डाची छायाचित्रे मात्र उघड्या फोल्डरमध्ये राहू देऊ नयेत, कारण संगणक दुरुस्तीला गेला की ती कोणाच्याही नजरेस पडू शकतात.

आता मेलबॉक्सकडे वळावे. अटॅचमेंट ईमेलमध्ये मजकुराच्या स्वरूपात साठवली जाते, त्यामुळे मूळ फाइलीपेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक जागा घेते. थंडरबर्डमध्ये अटॅचमेंटवर उजवी क्लिक करून ईमेल राखून केवळ ती काढता येते, परंतु त्यानंतर फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्याशिवाय, म्हणजे त्यातील पुसलेला भाग कायमचा काढून टाकल्याशिवाय, डिस्कवरची जागा परत मिळत नाही, आणि बहुतेकांचे नेमके इथेच राहून जाते. जीमेलमध्ये ही सोय नाही, तिथे पूर्ण ईमेलच काढावा लागतो. शोधपेटीच्या पर्यायांत 10 एमबीपेक्षा मोठे ईमेल असे मागितले की फुकट मिळणाऱ्या 15 जीबीतली जागा कशाने व्यापली आहे ते दिसते. काढलेले ईमेल 30 दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतात.

संगणकावरील रिसायकल बिन रिकामा होईपर्यंत जागाही मोकळी होत नाही, तरी घाई करू नये आणि शिफ्ट दाबून फाइल थेट पुसू नये. माझा रिसायकल बिन मृग लागेपर्यंत तसाच असतो. तोवर घरातील कोणी एखादी फाइल मागितली तर ती तिथून परत काढून देता येते.