आधी नळ सोडून पाहा: गावच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक ॲसिड हाताळताना

प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की माझा पहिला हात नळाकडे जातो, कपाटाच्या किल्लीकडे नंतर. नळाला धार आली आणि बाहेरचा ड्रम भरलेला दिसला, तरच कॉन्सन्ट्रेटेड (तीव्र) सल्फ्युरिक ॲसिडची बाटली मी खाली काढते. पाणी नसेल तर त्या दिवशी बाटली उघडत नाही. सर रागावले तरी नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बारावीचा एक पोरगा ब्राऊन रिंगची (नायट्रेट ओळखायची) टेस्ट करत होता. ॲसिड परीक्षानळीच्या कडेने हळूहळू सोडायचं असतं. त्याचा हात हलला आणि मनगटापासून कोपरापर्यंत ॲसिड ओघळलं. तो बेसिनकडे धावला, नळ सोडला, तर नळातून नुसती हवा. सकाळपासून विजेची लाईन गेलेली, मोटार चालली नव्हती, टाकी कोरडी. "मॅडम, नळाले पाणीच नाही!" हे त्याचं ओरडणं मला आजही ऐकू येतं. व्हरांड्यातला पिण्याच्या पाण्याचा रांजण दोन मिनिटांत संपला. मग त्याला धरून मैदानापलीकडच्या हापशीवर नेलं. दोन पोरं आळीपाळीने हापसत होती आणि मी त्याचा हात धारेखाली धरून उभी होते. हात वाचला, डाग राहिला. चूक माझीच होती. टाकी पाहणं माझं काम होतं.

सुरक्षेचे तक्ते "भरपूर वाहत्या पाण्याने धुवा" असं सांगतात, पण फेब्रुवारी ते जून आमच्या भागात वाहतं पाणी असतंच असं नाही. ते आपल्याला आधी तयार ठेवावं लागतं. मी २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवून घेतला, त्याला खाली तोटी बसवली आणि पाइप आत आणला. लाईन असो-नसो, धार येते. बादली लावून मोजलं तर मिनिटाला साधारण सहा लिटर पाणी पडतं. जखम निदान पंधरा मिनिटं धुवायची, म्हणजे ९० लिटर लागतात. एका माणसाला ड्रम पुरतो, दोघांना जेमतेम. ड्रम सावलीत हवा. पारा ४५ च्या वर गेला की उन्हातल्या पाइपमधलं पाणी हाताला चटके देतं, आणि भाजलेल्या कातडीवर ते ओतणं म्हणजे आणखी एक जखम. झाकण घट्ट ठेवा, आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास होतात. आणि फवारणीच्या औषधाचा जुना ड्रम घासूनपुसूनही इथे वापरू नका.

आता ॲसिडविषयी. हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली उघडली की धूर निघतो, नाकात झोंबतं, माणूस आपोआप मागे सरकतो. सल्फ्युरिक तशी सूचना देत नाही. साध्या तापमानाला ना वास, ना धूर. दिसायला गोडेतेलासारखं घट्ट. म्हणूनच मला त्याची भीती जास्त वाटते. बाटलीत ९८ टक्के ॲसिड असतं आणि ते पाण्याच्या पावणेदोनपटीहून थोडं जास्तच जड असतं: अर्ध्या लिटरचं वजन ९२० ग्रॅमच्या आसपास, वर काचेचं वेगळं. बाटली मानेला धरून उचलू नका. एक हात बुडाखाली घ्या, आणि एका खोलीतून दुसरीकडे न्यायची असेल तर प्लास्टिकच्या बादलीत ठेवून न्या. ॲसिड हवेतला ओलावा ओढतं, म्हणून झाकण लगेच लावा. ओतून उरलेलं परत बाटलीत टाकू नका.

पोरांना पहिल्या तासाला मी चमचाभर साखरेवर दोन-तीन थेंब टाकून दाखवते. साखर पिवळी, तपकिरी, मग काळी पडून फुगते. साखरेतलं पाणी ओढून घेतल्यावर उरतो तो कोळसा. कापसाचंही तेच होतं आणि कातडीचंही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं फार बोलावं लागत नाही.

डायल्यूट, म्हणजे पातळ, करताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. यामागचं कारण पोरांना नीट समजावून सांगा, नुसता नियम पाठ करून घेऊ नका. पाणी हलकं असतं. ॲसिडवर ओतलं तर ते वरच तरंगतं, जिथे दोन्ही भेटतात तिथे एकदम उष्णता निघते, पाणी उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं. उलट केलं तर जड ॲसिड खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते.

परमँगनेटच्या टायट्रेशनला (थेंबाथेंबाने मोजून करायच्या प्रयोगाला) लागणारं एक मोलर, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं पातळ, द्रावण मी असं करते. दोन लिटरचा बोरोसिलचा बीकर प्लास्टिकच्या टबात, थंड पाण्यात ठेवते. मेजरिंग सिलिंडरमध्ये किंवा जाड काचेच्या बाटलीत द्रावण करू नका. उष्णतेने बूड तडकतं. बीकरमध्ये ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर घेते. ५५ मिली ॲसिड मोजून काचकांडीच्या आधाराने थोडं थोडं सोडते, ढवळते आणि प्रत्येक वेळी बीकरच्या बाहेरून हात लावून पाहते. कोमट झालं की थांबते. पूर्ण गार झाल्यावर लिटर भरते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातला उरकते, कारण दुपारी पाणीच चाळीस अंशांचं असतं आणि ॲसिडमुळे ते आणखी वीसेक अंशांनी चढतं. निम्मं ॲसिड, निम्मं पाणी असं कडक द्रावण शाळेत करूच नका. ते उकळत्या पाण्यापेक्षा गरम होतं.

अंगावर सुती ॲप्रन, पायात बंद बूट आणि डोळ्यांना बाजूने झाकणारा गॉगल हवा. नुसता नंबरचा चष्मा चालत नाही. दवाखान्यातले पातळ रबरी हातमोजे कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडपुढे टिकत नाहीत. निओप्रीनचे मिळाले तर घ्या, पण थेंब पडताच मोजे काढून हात धुवा. आमच्या मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधून येतात. तो दाराशीच काढून ठेवायला लावते, कारण ॲसिडने भिजलेला स्कार्फ चेहऱ्याला चिकटून राहतो. पिपेट तोंडाने ओढायची नाही.

अंगावर पडलंच तर आधी पाणी. दोन मग नाही, ओला रुमालही नाही, धो धो धार हवी. धार चालू असतानाच कपडे उतरवा. कुर्ता डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. नाहीतर छातीवरचं ॲसिड डोळ्यांत जातं. माझ्या टेबलाच्या खणात मोठी कात्री आणि एक धुतलेलं जुनं लुगडं कायम असतं. कपडे काढायला मुली लाजतात, त्यात मोलाची मिनिटं जातात. लुगड्याचा आडोसा धरला की ती अडचण राहत नाही. जखमेवर हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. खाण्याचा सोडाही नाही. आम्ल आणि अल्कलीच्या क्रियेत पुन्हा उष्णता निघते, आणि ती त्याच कातडीवर.

डोळ्यात गेलं असेल तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलवा, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नाकाकडून कानाकडे पाणी सोडा, म्हणजे चांगल्या डोळ्यात जात नाही. पोरगं डोळा मिटून घेतं, हात झटकतं. दुसऱ्याने डोकं धरायला हवं. पोटात गेलं तर चूळ भरायला लावा, पण ओकारी काढू नका. वर येताना ते घसा दुसऱ्यांदा जाळतं. एकाने धुवायचं, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. बाटलीवरचं नाव आणि टक्केवारी कागदावर लिहून सोबत द्या.

फरशीवर सांडलं तर कापूस टाकू नका. कापूसगावात पहिला हात त्यालाच जातो. लाकडाचा भुसाही नको. दोन्ही काळे पडतात, तापतात. कोरडी वाळू टाका, मग कडेकडून आत खाण्याचा सोडा टाकत जा. फसफसणं थांबलं की प्लास्टिकच्या सुपलीने उचला आणि जागा पाण्याने धुवा. प्रात्यक्षिकातलं उरलेलं ॲसिड नालीत ओतू नका. आमच्या मागच्या नालीला गुरं तोंड लावतात. ते टबभर पाण्यात सावकाश ओता, चुन्याची निवळी घालत जा आणि निळा लिटमस लाल होईनासा झाला की मग नालीत सोडून द्या.

पेरणीच्या आधी देशी कापूस लावणारा एखादा शेतकरी दाराशी येतो. "ताई, थोडकं ॲसिड द्या ना, सरकीले लावाचं हाये." सरकीवरची लव काढायला किलोमागे साधारण १०० मिली ॲसिड वापरतात, हे खरं. पण प्रयोगशाळेतली बाटली मी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली, त्यात शिक्षणसंस्थांनीही वापराची नोंदवही ठेवायची आणि साठ्याची जबाबदारी एका माणसावर टाकायची असं सांगितलं. आमच्या वहीत तो माणूस मी आहे. शेतकऱ्याला रिकाम्या हाती पाठवताना वाईट वाटतं, म्हणून सांगते ते मनापासून: लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकची बादली घ्या, ढवळायला लाकडी काठी, हातमोजे आणि चष्मा. आणि सरकीवर तांब्याभर पाणी ओतू नका, पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात सरकी उलटी करा. चार-पाच पाणी बदला, शेवटचं चुन्याच्या निवळीचं. लेकरं आणि बकऱ्या तोवर अंगणात नकोत.

बाटलीची जागा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. डोळ्यांच्या वर कधीच नाही. त्याच कप्प्यात पोटॅशियम परमँगनेट, क्लोरेट, स्पिरिट यांपैकी काही नको. परमँगनेट आणि हे कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. संध्याकाळी बाटलीवरच्या पट्टीला पातळी पाहते, वहीत किती मिली गेलं ते लिहिते, सरांची सही घेते, कुलूप लावते. मग बाहेर येऊन ड्रम पुन्हा भरायला मोटार लावते, लाईन असली तर. नसली तर शिपायाला सोबत घेऊन हापशीवरून भरते, उद्या सकाळी दुसरी बॅच असते.