टूजी नेटवर्क: दांड्या मोजत बसू नका, या चुका टाळा

स्क्रीनवर सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि कॉल लावला की 'नेटवर्क बिझी'. मग आपण फोन बंद-चालू करतो, सिम काढून पुसतो, पुन्हा घालतो. मीही हे भरपूर केलंय. उपयोग शून्य, कारण दांड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. टॉवरवर जागा आहे का, हे त्यांना कुठलं माहीत!

टूजीत, म्हणजे मोबाइलच्या दुसऱ्या पिढीच्या जीएसएम नेटवर्कमध्ये, रेडिओ लहरींची २०० किलोहर्ट्झ रुंद एक पट्टी आठ जण पाळीपाळीने वापरतात. प्रत्येकाला ०.५७७ मिलिसेकंद मिळतात, की लगेच पुढच्याचा नंबर. त्यातही एखादी पाळी टॉवर स्वतःच्या कामासाठी राखून ठेवतो. पाळ्या संपल्या की पुढचा माणूस टॉवरखाली उभा असला तरी बाहेरच. अशा वेळी जरा थांबा, नाहीतर एसएमएस टाका. तो नियंत्रणाच्या वाहिनीवरून जातो, बोलण्याची पाळी मागत नाही. गर्दीतही बऱ्याचदा पोचतो.

मात्र तो मराठीत लिहिताना मोजमाप बदलतं. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात, पण मजकुरात देवनागरीचं एक अक्षर किंवा एक इमोजी आला की मर्यादा थेट ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, फोन सात मोजतो. सत्तरच्या पुढे गेलात की संदेशाचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागू शकतात.

फोन स्पीकरजवळ ठेवला की येणारी ती 'टर्र-टर्र' आठवते? स्पीकर बिघडलेला नसतो. पाळी आली की फोन झटका देतो, सेकंदाला सुमारे २१७ वेळा, आणि तोच ठोका स्पीकरच्या वायरीत शिरतो. फोन दोन हात लांब ठेवा, संपलं. हेच झटके जीएसएम मॉड्यूल (सिम घालून यंत्राला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा छोटा भाग) वापरून काही बनवणाऱ्यांना रडवतात. पाळीच्या क्षणी मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. पुरवठा अशक्त असला की व्होल्टेज कोसळतं आणि ते स्वतःहून रीस्टार्ट होतं. लोक बिचारे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. आधी पुरवठा बदला आणि मॉड्यूलच्या अगदी शेजारी मोठा कपॅसिटर (वीज साठवून गरजेच्या क्षणी पुरवणारा भाग) लावा.

अंतराचंही तसंच. टॉवर दूरवर दिसतो, मध्ये अडथळा नाही, तरी फोन जोडला जात नाही, म्हणून कोणी बूस्टर लावतं. पण साधारण ३५ किलोमीटरपलीकडे सिग्नल आपल्या पाळीच्या वेळेत पोचूच शकत नाही. जोर वाढवून उशीर भरून निघत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: नीट न बघता सेटिंगमध्ये जाऊन टूजी बंद करणं. बंद करायला कारण खरंच आहे. टूजीत टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभारता येतो, आणि बोलणं गुप्त ठेवणारं ए५/१ हे जुनं कूटलेखन तर केव्हाच फोडलं गेलंय. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनांत टूजी बंद करायची सोय आहे, आणि माझ्या मते ती वापरावी. पण आधी व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, चालू आहे का, ते बघा. नसेल तर कॉलसाठी फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो. तिथे थ्रीजी नसेल आणि टूजी तुम्ही बंद केलंत, तर इंटरनेट धावेल, पण फोन वाजणार नाही.

उलट स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ई' (टूजीवरच्या एज या संथ इंटरनेटची खूण) दिसत असताना व्हिडिओ उघडायचा हट्टही नको. बहुतेक फोनांत टूजीवर बोलणं सुरू असताना डेटा थांबतो, तेव्हा आधी कॉल संपवा. बोलणं, एसएमएस आणि चार-चार दिवस टिकणारी बॅटरी एवढंच हवं असेल, तर टूजीचा साधा फोन आजही चोख. फक्त घेण्याआधी कंपनीला विचारा, हे नेटवर्क आणखी किती दिवस आहे. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीने २०१६ च्या डिसेंबरातच ते बंद केलं.